सुशीलाबाईंचं कपाळ

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी सुशीलाबाईंचा अर्धपुतळा करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी नाही म्हणाल्या त्या सुशीलाबाईच.

"जिवंत माणसाचा पुतळा बसवतात का रे कुठं? मी गेल्यावर काय करायचं ते करा," असं त्यांनी समितीला ठणकावलं. पण हैदराबादेतली ती मराठी शाळा टिकली ती बाईंमुळे, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पट घसरला तेव्हा मुख्याध्यापिका असून त्या स्वतः घरोघर फिरल्या होत्या. आबिड्सच्या दुकानदारांपुढे उभं राहून त्यांनी शाळेसाठी बाकं आणि पंखे मिळवले होते. समितीचा सचिव शशिकांत हा त्यांचा सख्खा पुतण्या. तारनाक्याच्या घरात बाई त्याच्याच कुटुंबात राहत. त्यानं आठवडाभर मनधरणी केली आणि बाई शेवटी हो म्हणाल्या. "पण फोटोवरून नको. फोटोत मी नेहमी कुणावर तरी रागावल्यासारखी दिसते. समोर बसवून करणारं कुणी असेल तर सांग."

अशा रीतीनं काम त्रिवेणीकडे आलं.

त्रिवेणी अडतीस वर्षांची. चिक्कडपल्लीत बाजाराच्या मागच्या गल्लीत तिनं एक मोटार गॅरेज भाड्यानं घेतलं होतं. त्यात मोटार नव्हती. माती, प्लास्टर, लोखंडी सळ्या आणि पाण्याचे ड्रम होते. पोटापाण्यासाठी ती लोकांचे वडील, सासरे आणि अधूनमधून एखादा पुढारी घडवून द्यायची. स्वतःसाठी मात्र गेली काही वर्षं ती एकच काम करत होती : बायकांची डोकी. त्यांना केस नव्हते, कानात काही नव्हतं, नाकात नव्हतं, गळ्यात नव्हतं, कपाळावर तर नव्हतंच. जन्मल्यापासून बाईवर जे जे चढवलं जातं ते सगळं उतरवून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्या मालिकेला तिनं 'कोऱ्या' असं नाव दिलं होतं. भिंतीकडेच्या फळ्यांवर त्या ओळीनं मांडलेल्या असत.

ती स्वतःही तशीच राहायची. सोळाव्या वर्षी तिनं टिकली लावायचं बंद केलं, आणि त्यावरून आई भाग्यलक्ष्मीशी सुरू झालेली कटकट अजून थांबली नव्हती. लग्नाचा विषय आता घरात निघत नसे, पण टिकलीचा निघायचा. "कपाळ भुंडं ठेवून लोकांच्या घरी जाऊ नको ग," हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की आईनं तोंड उघडायच्या आधीच तिला ते ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी शशिकांत बाईंना गाडीनं सोडायला आला. जाताना त्यानं एक फ्रेम त्रिवेणीच्या हातात दिली. बाईंच्या निवृत्तीच्या दिवशीचा फोटो होता : फिकट साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर, मागे घट्ट अंबाडा, मोकळं कपाळ.

"हे असं हवंय. साधं, सोज्वळ," तो म्हणाला. "काकूंना फार वेळ बसवू नका, त्यांची पाठ दुखते."

"पाठ माझी आहे, मी बघते," बाई म्हणाल्या. तो हसून निघून गेला.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्रिवेणी त्यांच्या शाळेत चौथीपर्यंत होती, मग वडिलांनी तिला इंग्रजी शाळेत घातलं. आता तिला मराठी वाचायला लागलं की अक्षराला अक्षर जोडत जावं लागे. बाईंना तिचं नाव आठवत नव्हतं, पण चौथीनंतर शाळा सोडून गेलेल्या सगळ्याच मुलांवर त्यांचा जुना राग होता आणि तो त्यांनी लगेच व्यक्त केला. मग खुर्चीत बसायच्या आधी त्या फळ्यांपाशी गेल्या आणि हात मागे बांधून, वर्गात फेरी मारावी तशा, एकेक डोकं बघत गेल्या.

"ह्या कोण?"

त्रिवेणीनं समजावून सांगितलं. सगळी ओझी उतरवलेल्या बायका. समाजानं चिकटवलेलं काहीच नाही. फक्त माणूस.

बाईंनी पुन्हा एकदा ओळीवरून नजर फिरवली. "काम चांगलं आहे. पण मग सगळ्या एकसारख्या का दिसतात ग? युनिफॉर्म घातल्यासारख्या?"

त्रिवेणीला राग आला. ती म्हणाली, "बाई, बसा. उजेड आहे तोवर सुरू करू."

पहिल्या चार-पाच बैठका ठीक गेल्या. आतला सळ्यांचा सांगाडा आधीच बांधलेला होता. त्यावर मातीचे गोळे चढत गेले, हनुवटी आली, गालांची हाडं आली. बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. बीदरकडच्या शेतकरी घरातून लग्न होऊन त्या हैदराबादला आल्या, नवरा रेल्वेत कारकून होता, तो काविळीनं गेला तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या, त्यानंतर डी.एड. केलं आणि शाळेत लागल्या, हे सगळं त्यांनी दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं सांगून टाकलं. त्रिवेणीला त्या आवडायला लागल्या. ह्या बाईंचा चेहरा आपल्या 'कोऱ्या'मध्ये सहज बसेल, असंही तिच्या मनात आलं. मोकळं कपाळ, मोकळा गळा. काही उतरवायलाच नको.

मग एके दिवशी बाई म्हणाल्या, "कपाळावर कुंकू दे."

त्रिवेणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय दे?"

"कुंकू. मोठं, रुपयाएवढं. मातीत दाखवता येत नसेल तर तसं सांग."

"दाखवता येतं. पण तुम्ही लावत नाही ना."

"नाही लावत."

"मग?"

"मग दे म्हणते ना."

त्रिवेणीनं हातातली कोरणी खाली ठेवली. तिला हे बाईंकडून मुळीच अपेक्षित नव्हतं. ज्या बाईनं एकटीनं शाळा चालवली, पुरुषांच्या समित्यांना सरळ केलं, तिला म्हातारपणी पुतळ्यात सौभाग्यवती दिसायचंय? तिनं बोलून टाकलं. "बाई, मला नाही पटत. ही सगळी बायकांवर लादलेली चिन्हं आहेत. तुम्ही त्यातून सुटलात, तर पुतळ्यात परत कशाला अडकताय?"

"मी सुटले असं तुला कुणी सांगितलं?"

त्रिवेणीनं कोरणी पुन्हा उचलली.

"तू का नाही लावत?" बाईंनी विचारलं.

"मला सक्ती आवडत नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "तुझं कपाळ मोकळं आहे, कारण तू नको म्हणालीस. माझं मोकळं आहे, कारण दुसऱ्यांनी नको म्हटलं. दिसायला दोन्ही सारखीच."

मग त्यांनी सांगितलं. नवरा गेल्यानंतर तीनेक वर्षांनी, नोकरी नवी असताना, एका सकाळी बसस्टॉपवर त्यांनी पर्समधून डबी काढून कुंकू लावलं. कुणी काही बोललं नाही. शाळेतल्या मुलांच्या तर लक्षातही आलं नाही. दिवसभर त्या तशाच होत्या. संध्याकाळी घराच्या दारातच सासू उभी होती. शेजारच्या कुणीतरी बसमध्ये बघून आधीच येऊन सांगितलं होतं. सासू ओरडली नाही. ती पुढे आली आणि आपल्या तळहातानं तिनं सुनेचं कपाळ पुसलं, एखाद्या पोराचं नाक पुसावं तसं. गल्लीतल्या बायका बघत होत्या. मग ती म्हणाली, "आत ये, चहा ठेवलाय."

"आणि तुम्ही?"

"प्याले चहा. काय करणार? नोकरीला जाऊ देत होती, हेच तेव्हा खूप होतं. ती वाईट नव्हती ग. तिचंही कुणीतरी पुसलंच होतं." बाईंनी पाठ खुर्चीला टेकवली. "लोकांना वाटतं कुंकू म्हणजे नवरा. माझा नवरा चांगला होता, पण कुंकू काय त्यानं आणलं होतं? मी लग्नाच्या आधीपासून लावायचे. चार वर्षांची असल्यापासून. आई शेतात जायच्या आधी आम्हा बहिणींना ओळीनं उभं करायची आणि लावून द्यायची. आरशात बघितलं की मला मी तशी दिसायचे. तो माझा चेहरा होता. नवरा गेला, तर जाताना माझा चेहरा का घेऊन गेला?"

"हल्ली लावतात की बायका. नवरा गेल्यावरही."

"लावू देत. हल्लीच्या लावतात. मी हल्लीची नाही. शशीच्या घरात मी लावलं तर पोरगा काही बोलणार नाही, पण जेवणार नाही दोन दिवस. एवढं मला झेपत नाही आता. पण पुतळा काही त्यांच्या घरात राहणार नाही ना?"

त्या संध्याकाळी त्रिवेणी घरी गेली ती डोक्यात हेच घेऊन. आई वरण फोडणीला टाकत होती. त्रिवेणीनं ओट्याला टेकून सगळं सांगितलं. तिला खात्री होती, आई म्हणणार, बघ, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला कळतं ते तुला कळत नाही. पण भाग्यलक्ष्मी तसं म्हणाली नाही.

"हौ, लाव ना मग. त्यांचा पुतळा आहे."

"तू मला इतकी वर्षं टिकली लाव म्हणतेस. का म्हणतेस?"

भाग्यलक्ष्मीनं गॅस बारीक केला. "लोक मला विचारतात म्हणून. कुठं हळदीकुंकवाला गेलं की विचारतात, तुमच्या पोरीनं असं कायकू केलं. मला सांगता येत नाही. तू मला कधी सांगितलंच नाहीस."

ते खरं होतं. त्रिवेणीनं भांडण केलं होतं, दारं आपटली होती, पण सांगितलं कधीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मातीचं कुंकू करून बघितलं. ते शर्टाचं बटण चिकटवल्यासारखं दिसायला लागलं. काढलं, पातळ केलं, कडा दाबल्या, तरी जमेना. जिथे ते बसायला हवं तिथली जागाच तिला सापडत नव्हती. पुढच्या बैठकीला ती बाईंना म्हणाली, "तुम्ही एकदा खरं लावून दाखवता का? नुसतं बघते."

आईच्या देवघरातली डबी तिनं आणून ठेवली होती. आरसा शोधायला ती वळली, तोवर बाईंनी डबी उघडली होती. त्यांनी मधलं बोट कुंकवात टेकवलं आणि आरसा न बघता, डोळे मिटून, कपाळाच्या मधोमध गोल फिरवलं. बोट एकदाही अडखळलं नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "वाकडं झालं का?"

वाकडं झालं नव्हतं. पण त्रिवेणी बघत राहिली ती वेगळ्याच कारणासाठी. बाईंचा चेहरा सैल झाला होता. भुवया जरा वर गेल्या होत्या आणि दोन भुवयांमधली ती आठी, जी त्रिवेणीनं एवढ्या बैठका मन लावून मातीत कोरली होती, ती जवळजवळ नाहीशी झाली होती. तिच्या ध्यानात आलं की नुसतं कुंकू चिकटवून भागणार नाही. सगळं कपाळ पुन्हा करावं लागणार. तिनं तार घेतली आणि भुवयांपासून वरची माती कापून काढली. त्या दुपारी तिनं न बोलता काम केलं, आणि बाईसुद्धा, बहुधा पहिल्यांदाच, काही बोलल्या नाहीत.

शशिकांत न्यायला आला तेव्हा बाईंनी घाईघाईनं ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. पण कुंकवाचा रंग असा चटकन जात नाही. गाडीचं दार उघडता उघडता त्याला ते लाल दिसलं. बाईंना गाडीत बसवून तो एकटाच गॅरेजात परत आला आणि कपाळावर कुंकू उमटलेल्या मातीच्या चेहऱ्यासमोर उभा राहिला.

"हे काय आहे?"

"बाईंनी सांगितलंय," त्रिवेणी म्हणाली.

"काकूंनी सांगितलं आणि तुम्ही केलं? अहो, शाळेच्या दारात बसणार आहे हे. सगळ्यांना माहीत आहे काका कधी गेले ते. उद्या लोक म्हणतील, बाईंनी दुसरं लग्न केलं होतं का?"

मागून आवाज आला, "मग सांग की, नव्हतं केलं. उत्तर आहे आपल्याकडे." बाई गाडीतून उतरून दारात आल्या होत्या.

"काकू, तुमच्यासाठीच बोलतोय मी. लोक हसतील तुम्हाला."

"मला की तुला?"

शशिकांतचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता. बाईंची औषधं, डोळ्यांची ऑपरेशनं, दवाखान्याच्या चकरा सगळं तोच करायचा. तो हळू आवाजात म्हणाला, "दोघांनाही. आपण एकाच घरात राहतो ना."

बाई वळल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

पुढच्या रविवारी समितीचे लोक मातीचं काम बघायला आले. शशिकांत धरून सहा जण होते, आणि त्या गॅरेजात उभं राहायला जागा उरली नाही. चेहरा हुबेहूब आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग कुंकवावर चर्चा सुरू झाली आणि ती बाईंच्या देखतच, त्या तिथे नसल्यासारखी, चालली. एक जण म्हणाला, अगदी बारीक करा, लांबून दिसणार नाही असं. दुसऱ्यानं सुचवलं, उभं गंध दाखवू, म्हणजे धार्मिक वाटेल आणि कुणाला बोलायला जागा राहणार नाही. आयटीत नोकरी करणारा प्रमोद नावाचा तरुण सभासद म्हणाला की काढूनच टाकावं, कारण नव्या पिढीच्या मुलींसमोर असा पारंपरिक आदर्श ठेवणं बरोबर नाही. हे शेवटचं ऐकून त्रिवेणी दचकली. महिनाभरापूर्वी तिनं स्वतः हेच म्हटलं असतं, जवळजवळ ह्याच शब्दांत. ज्यांना परंपरा मोडायची नव्हती आणि ज्यांना मोडायची होती, ते सगळे एकाच निर्णयावर येऊन पोचले होते.

"काढायचं," शशिकांत शेवटी म्हणाला. "बहुमत आहे."

सगळे त्रिवेणीकडे बघायला लागले. तिनं बाईंकडे बघितलं. "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही काढ म्हणालात तर काढते. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही काढणार."

बाई खुर्चीतून उठल्या. घाई न करता त्यांनी पदर सारखा केला. वर्गात गोंगाट वाढला की त्या अशाच उठायच्या, आणि त्या खोलीतल्या बहुतेकांना ते आठवत असावं, कारण सगळे गप्प झाले.

"असं करू," त्या म्हणाल्या. "शाळेत पुतळा बसवायचा तर माझा बसवा. दुसऱ्या कुणाचा माझ्या नावानं बसवू नका. आणि माझा बसवायला जमत नसेल तर काही बिघडत नाही. मुलींच्या संडासांची दारं मोडलीत, गेल्या वर्षीपासून सांगतेय. ती करून घ्या. चहा कोण कोण घेणार?"

कुणीच चहा घेतला नाही. समितीचे लोक एकेक करून बाहेर पडले. गल्लीत बराच वेळ त्यांचं बोलणं चाललं होतं. आठवड्यानंतर शशिकांतचा फोन आला : पुतळ्याचा ठराव रद्द झाला आहे, तुमची माती तुम्ही ठेवा. बोलताना तो अवघडला होता. शेवटी त्यानं विचारलं, "तुम्ही ते मोडून टाकणार का?"

"नाही," त्रिवेणी म्हणाली.

तिनं साचा घेतला आणि पुतळा फायबरमध्ये ओतला. डिसेंबरात बंजारा हिल्सवरच्या एका लहानशा गॅलरीत 'कोऱ्या'चं प्रदर्शन ठरलेलंच होतं. त्यात तिनं बाईंना मांडलं. आधीच्या डोक्यांपैकी निम्म्याहून जास्त तिनं नेलीच नाहीत. बाई म्हणाल्या होत्या ते खरं होतं; ती एकमेकींसारखी होती. जी नेली त्यांतल्या काहींवर तिनं पुन्हा काम केलं होतं. एकीला तिनं जाड भिंगांचा चष्मा दिला होता, एकीच्या नाकात चमकी आली होती, एकीचा जबडा रुंद आणि हट्टी झाला होता. काही मात्र तशाच कोऱ्या राहिल्या, कारण त्यांना तसंच राहायचं असावं असं तिला वाटलं. मालिकेचं नाव तिनं बदललं नाही, पण ते आता नीट बसत नाही हे तिला कळत होतं.

पहिल्या दिवशी एक कॉलेजातली मुलगी बाईंच्या पुतळ्यासमोर थांबली आणि मैत्रिणीला म्हणाली, "ही एकच टिपिकल आहे ना? कन्झर्व्हेटिव्ह." त्रिवेणी पुढे होऊन समजावून सांगणार होती. मग तिनं बेत बदलला आणि विचारलं, "तुला तसं का वाटलं?" त्या मुलीनं कुंकवाकडे बोट दाखवलं. मग तिनं जरा वेळ चेहऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "माहीत नाही. आता नाही वाटत तेवढं." आणि पुढे गेली.

भाग्यलक्ष्मी नवी साडी नेसून आली होती आणि भेटेल त्या ओळखीच्या बाईला सांगत होती, "माझ्या पोरीला सक्ती आवडत नाही." बरोबर उच्चार करून, पाठ केल्यासारखं.

बाई उशिरा आल्या. शशिकांतनं त्यांना दारापर्यंत सोडलं, पण तो आत आला नाही. पार्किंगचं कारण सांगून तो परत गाडीकडे गेला. बाईंच्या कपाळावर काही नव्हतं. त्रिवेणीच्या नजरेनं ते टिपलं, आणि तिला किंचित निराश वाटलं, आणि आपल्याला निराश वाटलं म्हणून शरमही वाटली. बाई सरळ पुतळ्यापाशी गेल्या. हात मागे बांधून त्यांनी तो समोरून बघितला, दोन्ही बाजूंनी बघितला.

"अशी दिसले असते मी," त्या म्हणाल्या. मग दुरुस्त केलं, "अशी दिसते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. त्यांनी खुर्ची मागून घेतली आणि पुतळ्याच्या शेजारी बसून आल्यागेल्याशी बोलत राहिल्या. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांच्याशी तेलुगूत, नाहीतर आपल्या मोडक्या दख्खनीत. कुणी कुंकवाबद्दल विचारलं, तर सांगत. न विचारणाऱ्याला पाठीच्या दुखण्याबद्दल सांगत.

गॅलरी बंद व्हायच्या सुमारास शशिकांत आत आला. गर्दी ओसरली होती. तो पुतळ्यासमोर उभा राहिला, आधी खिशात हात घालून, मग काढून. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. शेजारच्या चष्मेवालीचं डोकं निरखत होत्या.

"कान बरोबर आलेत," तो शेवटी त्रिवेणीला म्हणाला. "आमच्या घराण्यात कुणाचेच असे नाहीत. काकूंचेच आहेत."

"हो," त्रिवेणी म्हणाली.

"प्रदर्शन झाल्यावर हे कुठं जाणार?"

"अजून ठरवलं नाही. तुम्हाला हवाय का?"

तो उत्तर द्यायच्या आधी बाई बोलल्या. "घरी नको रे. मी आहे ना घरी अजून." त्या खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या. शशिकांतनं कोपराला हात दिला, तो त्यांनी घेतला. दारापर्यंत दोघं गेले, आणि तिथे त्या थांबून त्याला म्हणाल्या, "संडासांचं काय झालं ते सांग आधी."

"तीन झाले काकू. चौथ्याचं दार उद्या बसतंय."

"उद्या मी येऊन बघते," बाई म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरायला लागल्या.